दिव्याचे तेल, खरजेचे औषध

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत खोबरेलाच्या जोडीने झाडांच्या बियांची जी तेले घरोघरी वापरली जात, त्यांतील बहुतेकांना दोन कामे असत: ती दिव्यात जळत आणि कातडीला लावली जात. उंडीच्या बियांचे उंडेल आणि करंजाचे करंजेल ही दोन्ही कामे करीत, तर कोकमाच्या बियांपासून निघणारे आणि थिजल्यावर मुठीत दाबून ज्याचे गोळे केले जात, ते भिरंडेल किंवा मुठेल भेगाळलेल्या टाचांसाठी राखून ठेवलेले असे. याच मालिकेतले चौथे तेल आज सर्वांत कमी ओळखीचे आहे. गोव्यात आणि तळकोकणात त्याला खष्टेल म्हणत आणि मुंबईच्या औषधबाजारात ते कवटीचे किंवा कडू कवठाचे तेल म्हणून विकले जाई. या चारही तेलांपैकी जगाच्या वैद्यकाच्या इतिहासात मोठे स्थान मिळाले ते एकट्या याच तेलाला, आणि तेही ज्या रोगासाठी किनाऱ्यावरच्या घरांत ते सहसा वापरले जात नसे, त्या रोगासाठी मिळाले. त्यामुळे त्याचा लिहिला गेलेला इतिहास हा जवळजवळ सगळा कुष्ठरोगाचा इतिहास आहे आणि घरातल्या कोनाड्यातील बुधल्याचा इतिहास त्यात तळटीपेपुरता उरला आहे.

कडू कवठाचा खऱ्या कवठाशी कुळाचा काहीही संबंध नाही; कठीण सालीचे, वाटोळे, तपकिरी फळ एवढ्या साम्यावरून हे नाव पडलेले दिसते. वनस्पतिशास्त्रात त्याला आज हिड्नोकार्पस पेंटांड्रा म्हणतात, परंतु जुन्या वैद्यकीय ग्रंथांत ते हिड्नोकार्पस वायटियाना या नावाने सापडते आणि त्याहीपूर्वी त्याला ‘इनेब्रियन्स’ म्हणजे धुंद करणारा असे विशेषण लावलेले होते, कारण त्याची फळे ठेचून ओढ्याच्या डोहात टाकली की मासे गुंगून पाण्यावर येत. हे सदाहरित झाड पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही. कोकणापासून केरळपर्यंत ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठाने, ओलसर सावलीत ते वाढते. फळाच्या गरात दाटीने बसलेल्या कोनदार बिया असतात आणि त्यांच्या आतील मगज तेलाने भरलेला असतो. केरळात या झाडाला मरोट्टी म्हणतात, आणि फळाच्या अर्ध्या कवचातच तेल घालून वात लावण्याची पद्धत तेथे आहे.

तेल काढण्याच्या कामात कौशल्यापेक्षा चिकाटी अधिक लागे. गळून पडलेली पिकी फळे गोळा करायची, गर कुजू द्यायचा किंवा धुऊन टाकायचा, बिया उन्हात वाळवून दगडाने फोडायच्या आणि मगज लाकडी घाण्यात घालायचा, किंवा तो थोडाच असेल तर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर आलेले तेल निथळून घ्यायचे, असा तो क्रम होता. ताजे तेल फिकट पिवळे असते, थंडीत ते तुपासारखे गोठते, त्याचा वास उग्र असतो आणि चव जिभेला चरचरणारी असते. उरलेल्या पेंडीत विष असल्यामुळे ती गुरांपुढे टाकता येत नाही. ती झाडांच्या मुळाशी खत म्हणून जाते. ही शेवटची बाब किरकोळ वाटली तरी या तेलाचे भवितव्य समजून घेण्यासाठी तिचे महत्त्व मोठे आहे. तीळ, भुईमूग किंवा खोबरे घाण्यात घातले की तेलाइतकीच पेंडीलाही किंमत येते आणि तेल्याचा संसार दोहोंवर चालतो. कवटीच्या बियांना तो आधार नव्हता. खाण्यास निरुपयोगी आणि पेंडीची कमाई नाही, असे हे तेल दरसाल गाळले जाई ते दिव्यासाठी. औषध हा त्या उजेडाच्या तेलातून बाजूला काढून ठेवलेला वाटा होता.

त्या वाट्याचे उपयोग विल्यम डायमॉक यांनी नोंदवून ठेवले. डायमॉक हे मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख होते आणि बाजारातील पसाऱ्यांकडून, वैद्यांकडून व हाताखालच्या माणसांकडून ऐकलेली माहिती पडताळून लिहिण्याची त्यांना सवय होती. त्यांनी सी. जे. एच. वॉर्डन आणि डेव्हिड हूपर यांच्यासह लिहिलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम किनाऱ्यावर हे तेल चिवट त्वचारोगांवर, जखमांवर आणि चिघळलेल्या व्रणांवर घरगुती औषध म्हणून फार पूर्वीपासून चालत आल्याचे सांगितले आहे. खवडा, म्हणजे मुलांच्या डोक्यात खपल्या धरून केस झडवणारा रोग, यावर तेल आणि चुन्याची निवळी सम प्रमाणात घोटून लावीत. खरजेसारख्या फोडांवर त्यात मोगली एरंडाचे तेल, गंधक, कापूर आणि लिंबाचा रस मिसळीत. घोड्यांना पावसाळी हवेत होणाऱ्या ‘बरसाती’ नावाच्या चिघळत्या जखमांवरही ते लावले जाई. माणसाचे आणि जनावराचे औषध एकाच बुधल्यातून निघावे यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नव्हते.

या कृतींकडे आजच्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले तर त्यांतील काही भाग विचारपूर्वक घडलेला दिसतो आणि काही भागात श्रेय भलत्याच घटकाला मिळालेले दिसते. चुन्याची निवळी हा अल्कधर्मी द्रव आहे; तो तेलातील मेदाम्लांशी मिळून थोडासा चुन्याचा साबण तयार करतो आणि त्यामुळे तेल व पाणी एकजीव होऊन दाट, पांढरट, त्वचेवर टिकणारा लेप होतो. स्कॉटलंडमधील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांना जवसाचे तेल आणि चुन्याचे पाणी यांचा असाच लेप लावीत आणि तो ‘कॅरन ऑइल’ या नावाने युरोपभर पसरला होता. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन ठिकाणी एकच युक्ती सापडावी, इतकी ती साधी आणि उपयोगी होती. खरजेच्या मिश्रणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. खरूज हा त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्याचा रोग आहे आणि त्या किड्याला मारण्याचे काम गंधक खात्रीने करतो. आजही गंधकाचे मलम लहान बाळांच्या खरजेवर वापरले जाते. त्या मिश्रणात तेलाचा गुण कोणता आणि गंधकाचा कोणता, हे वेगळे काढायचे झाल्यास गंधकाचे पारडे जड ठरेल. खष्टेलाने त्याला अंगभर पसरवून चिकटवून ठेवले, खपल्या मऊ केल्या आणि कोरड्या कातडीची आग शमवली, एवढे श्रेय त्याला निःशंकपणे देता येते. त्या काळच्या घरांना असा हिशेब मांडण्याची गरज पडली नाही, कारण खाज थांबली म्हणजे औषध लागू पडले.

खाज हीच घरगुती उपचाराची खरी मर्यादा होती आणि येथेच खष्टेलाच्या घरगुती इतिहासाची वाट त्याच्या प्रसिद्ध इतिहासापासून फुटते. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा खाजत नाही आणि दुखतही नाही. तेथील संवेदना मंदावलेली असते. जे खाजत नाही त्यावर आजीबाई तेल चोळीत नाही. किनाऱ्यावरच्या घरांत हे तेल पिढ्यान्‌पिढ्या असूनही कुष्ठरोगाशी त्याचे नाते घरांनी जोडले नाही, वैद्यांनी जोडले, यामागे हे एक कारण असावे. दुसरे कारण भीतीचे होते: तो रोग घरात ओळखला गेला की माणूसच घराबाहेर जाई.

वैद्यांचे ज्ञान मात्र फार जुने होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात पश्चिम समुद्राच्या काठी वाढणाऱ्या तुवरक नावाच्या वृक्षांचे वर्णन आहे आणि ते वृक्ष म्हणजेच कडू कवठ, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पावसाच्या आरंभी पिकलेली फळे गोळा करावीत, मगज वाळवून तिळाप्रमाणे घाण्यात पिळावा किंवा करडईप्रमाणे पाण्याच्या साहाय्याने तेल काढावे, ते आटवून त्यातील पाणी उडवावे आणि वाळलेल्या शेणाच्या ढिगात पंधरवडाभर ठेवावे, अशी सविस्तर कृती तेथे दिली आहे. तेल पोटात द्यायचे असून त्यापूर्वी रोग्याची शरीरशुद्धी करायची आहे, आणि त्याने वांती व जुलाब होतील हे गृहीत धरूनच पाच दिवसांचा क्रम सांगितला आहे. कुष्ठ या शब्दाखाली आयुर्वेदाने सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा दुखणी मोजली असून गजकर्ण, खरूज, इसब यांसारखे विकारही त्यांत येतात, म्हणून सुश्रुताने कुष्ठावर तुवरक सांगितले याचा अर्थ आजच्या कुष्ठरोगावर सांगितले असा सरसकट घेणे धोक्याचे आहे. तरीही घरातील चोळण्याचे तेल आणि ग्रंथातील पिण्याचे तेल या दोन निराळ्या परंपरा होत्या, एवढे यावरून स्पष्ट होते. पिण्याची परंपरा अवघड, मळमळ आणणारी आणि वैद्याच्या देखरेखीची होती. चोळण्याची कोणाच्याही हातातली होती.

या दोन परंपरा एकोणिसाव्या शतकातील मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या दवाखान्यात एकत्र आल्या. भाऊ दाजींचे मूळ गाव पेडणे तालुक्यातील मांद्रे, म्हणजे खष्टेलाच्याच प्रदेशातले. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होते आणि त्याच वेळी संस्कृत हस्तलिखिते, शिलालेख व नाणी यांचे नामांकित अभ्यासक होते. जुने वैद्यकग्रंथ मूळ भाषेत वाचू शकणारा, पाश्चात्त्य रोगनिदान शिकलेला आणि किनाऱ्यावरील झाडपाला परिचयाचा असलेला दुसरा माणूस त्या काळच्या मुंबईत शोधणे कठीण होते. कुष्ठरोग्यांवरील त्यांच्या उपचाराची ख्याती १८६० च्या दशकात दूरवर पसरली, परंतु औषध कोणते ते त्यांनी जाहीर केले नाही. मुंबईच्या वैद्यकीय लेखनात ते पुढे कवटीचे तेल म्हणून नोंदले गेले. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. या गुप्ततेबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. औषधाची कृती शिष्याखेरीज कोणाला न सांगण्याची वैद्यांची रीत आणि प्रयोग सर्वांसमोर मांडण्याची नव्या वैद्यकाची रीत, या दोहोंत भाऊ दाजी उभे होते आणि या एका बाबतीत ते जुन्या बाजूला राहिले. मात्र परिणामी नुकसान झाले ते खरेच: किती रोगी, कोणत्या अवस्थेतले, किती काळ आणि कोणत्या मात्रेने बरे झाले, याचा तपासता येईल असा तपशील मागे राहिला नाही, आणि पुढच्या डॉक्टरांना पाटी कोरी करून सुरुवात करावी लागली.

या मधल्या काळात वैद्यकीय जगाचे लक्ष पूर्वेकडे गेले होते. १८५४ मध्ये कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक जॉन मोआट यांनी बंगालच्या बाजारात मिळणाऱ्या चालमुगरा नावाच्या तेलाचा कुष्ठरोगावरील गुण एका लेखात मांडला आणि चालमुगरा हे नाव युरोपात गेले. ते कोणत्या झाडाचे तेल, याबद्दल मात्र सुमारे अर्धशतक गोंधळ होता. गायनोकार्डिया नावाच्या दुसऱ्याच झाडाच्या बियांना चालमुगरा समजले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड प्रेन यांनी खऱ्या बिया आसाम व ब्रह्मदेशातील वेगळ्या वृक्षाच्या असल्याचे दाखवले आणि तो वृक्ष कोकणातील कडू कवठाचाच भाऊबंद निघाला. १९०४ पासून लंडनमधील वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तेलांतून दोन अपूर्व मेदाम्ले वेगळी केली. त्यांपैकी एकाला चालमुग्रिक आणि दुसऱ्याला हिड्नोकार्पिक ही नावे मिळाली. नेहमीच्या मेदाम्लांची साखळी सरळ असते, तर या दोहोंच्या टोकाला कार्बनच्या पाच अणूंचे कडे असते, आणि अशी रचना वनस्पतींत फारच क्वचित आढळते. १९२० मध्ये अर्नेस्ट वॉकर आणि मॅरियन स्वीनी यांनी ही आम्ले कुष्ठ व क्षय यांच्या जंतूंच्या कुळाला प्रयोगशाळेत मारक असल्याचे दाखवले. घरगुती खरजेच्या मिश्रणात जो गुण सिद्ध करणे अवघड होते, तो या वेगळ्याच जंतूंच्या बाबतीत काचेच्या नळीत सिद्ध झाला.

अडचण तेल शरीरात पोचवण्याची होती. पोटात घेतले की उलटी होई आणि तसेच टोचले की ते जागीच गाठ धरून राही व वेदना होत. कैरो येथे डॉ. तोर्तुलिस बे यांनी १८९४ पासून एका रोग्याला पाचशेहून अधिक वेळा ते टोचले, यावरून डॉक्टर आणि रोगी या दोघांच्याही सहनशक्तीची कल्पना येते. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवरील महाविद्यालयात ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ स्त्रीने मेदाम्लांचे एथिल एस्टर, म्हणजे मद्यार्काशी संयोग झालेले पातळ व सहज टोचता येणारे रूप, तयार करण्याची रीत शोधली. १९१६ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला आणि संस्थेच्या प्रमुखाने ती रीत स्वतःच्या नावावर चालवली. श्रेयाची ही चोरी बऱ्याच काळानंतर दुरुस्त झाली.

याच सुमारास कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स मेदाम्लांचे सोडियमक्षार टोचून पाहत होते आणि १९२० नंतर त्यांचे काम डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी पुढे नेले. म्यूर यांचे वैशिष्ट्य त्यांच्या व्यवहारी दृष्टीत होते. दूरच्या जंगलांतून येणारे चालमुगरा तेल महाग, जुने आणि अनेकदा भेसळीचे असते, तर पश्चिम किनाऱ्यावरील कडू कवठाचे ताजे तेल स्वस्त, शुद्ध आणि गुणाला तितकेच असते, हे त्यांनी ओळखले. त्यात थोडे क्रिओसोट मिसळून ते सरळ टोचता येते असेही दाखवून दिले. १९२० आणि १९३० च्या दशकांत भारतातील कुष्ठरोगाच्या दवाखान्यांमधून जे तेल सर्वाधिक टोचले गेले, ते अशा प्रकारे खष्टेलाच्याच झाडाचे होते. जगाला फेरी घालून औषध पुन्हा आपल्या किनाऱ्याला लागले, पण आता ते बुधल्यातून निघून सुईत गेले होते आणि घाण्याऐवजी कारखान्यातून येत होते.

त्याने रोग बरा होत असे का, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या डॉक्टरांनीही सावधपणे दिले आहे. लवकर आलेल्या रोग्यांचे चट्टे अनेकदा फिके पडत, बळावलेल्या रोगात फारसा फरक पडत नसे, आणि कुष्ठरोगाचे काही प्रकार उपचाराशिवायही आपोआप शमत असल्यामुळे यशाचा हिशेब लावणे कठीण जाई. त्याचा खरा परिणाम वेगळ्या ठिकाणी दिसतो. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर एच. ए. ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने बेघर कुष्ठरोग्यांचे जे आश्रयस्थान उभे राहिले (पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह काढणारे ॲक्वर्थ ते हेच), त्याचा हेतू मुख्यतः रोग्यांना रस्त्यावरून हलवण्याचा होता. टोचण्याचे औषध हाती आल्यावर मात्र रोगी आपण होऊन, आणि रोगाच्या आरंभीच, दवाखान्यात येऊ लागला. कोंडवाड्याकडून दवाखान्याकडे झालेल्या या वळणाला अर्धवट गुणाचे हे तेल पुरेसे ठरले. अमेरिकेत कारव्हिल येथे १९४१ मध्ये प्रोमिन या सल्फोन औषधाचा प्रयोग यशस्वी झाला, दशकाच्या अखेरीस डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या भारतात आल्या, आणि हिड्नोकार्पस तेलाची सुई काही वर्षांतच मागे पडली. वर्ध्याजवळ मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठीचे काम सुरू केले तेव्हा तेलाचा काळ चालू होता. बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आले तेव्हा तो संपत आला होता.

घरातील खष्टेल मात्र डॅप्सोनमुळे मागे पडले नाही. त्याचा ऱ्हास त्याआधीच सुरू झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रॉकेल किनाऱ्यावरच्या गावांत पोचले आणि उग्र वासाच्या, काजळी धरणाऱ्या कडू तेलांची दिव्यातील जागा त्याने घेतली. उंडेलाला होड्यांच्या लाकडाला लावण्याचे काम उरले, भिरंडेलाला पुढे साबण आणि प्रसाधनांच्या कारखान्यांनी गिऱ्हाईक दिले, करंजेल कातडी कमावणाऱ्यांकडे आणि शेतीत गेले. खष्टेलापाशी दुसरा धंदा नव्हता आणि पेंडीलाही मोल नव्हते. वर्षाकाठी चार चमचे लागणाऱ्या औषधासाठी कोणी टोपलीभर फळे वेचून, फोडून, घाण्यावर नेत नाही. औषधाचा गुण कमी झाल्यामुळे हे घडले नाही आणि गंधकाचे तयार मलम दुकानात आले म्हणूनही केवळ घडले नाही. ज्या मोठ्या गरजेच्या आधाराने ते औषध उभे होते ती गरज दुसऱ्या तेलाने भागवली, हे त्याचे मुख्य कारण मानावे लागते. केरळात मरोट्टीचे दिवे देवळांतून आणि सणांना लावण्याची प्रथा राहिली, तेथे तेलही राहिले आणि त्याबरोबर ते सांध्यांना व खरजेला लावण्याची सवयही अधिक काळ टिकली. कोकणात आणि गोव्यात झाड देवरायांतून व ओढ्याकाठी अजून उभे आहे. नाव सांगणारी माणसेही सापडतात, तेल काढणारी मात्र विरळ झाली आहेत.